तक्रार निकाली

चारशे तीनमधला मुलगा दर वर्षी सही करत होता. सहा वर्षं, सहा सह्या, एकही चुकली नव्हती. आणि या सहा वर्षांत त्याला कुणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं.

सकाळी सव्वाअकराला, बारा नंबर इमारतीच्या ऑफिसात, समोरचा चहा निवत असताना, भिंगबाई त्या सहा कागदांकडे बघत बसल्या.

भिंगबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. गृहनिर्माण कार्यालयात पडताळणी अधिकारी म्हणून बावीस वर्षं काढली, आणि कुठलाही कागद भिंगाखाली धरल्याशिवाय पुढे सरकवायचा नाही अशी खोड लागली, तेव्हा सहकाऱ्यांनीच ते नाव पाडलं. सरकारी मदतीच्या भाड्याच्या घरांमध्ये कोण राहतं, किती जण राहतात, कागदावर लिहिलंय तसंच राहतात का, हे बघायचं काम. जेवणाच्या सुट्टीत सांगण्यासारखं त्यात काही नसतं.

या वेळी मात्र एक निनावी चिठ्ठी आली होती. 'बारा नंबर इमारत, घर ४०३. कागदावर दोन माणसं. राहतं एकच. येऊन माणसं मोजा.' बस, एवढंच.

"अहो मॅडम, कुणीतरी जळतंय म्हातारीवर," इमारतीचे मॅनेजर म्हणाले. "दोन खोल्यांचं घर आहे ना. यादीत दोनशे कुटुंबं ताटकळत उभी आहेत. कुणाच्या तरी पोटात दुखणारच."

या मॅनेजरांना सगळी इमारत कलमकाका म्हणायची. तोंड उघडलं की कलम बाहेर पडायचं. साठीला टेकलेले, सडपातळ, शर्टाच्या खिशात दोन पेनं. ऑफिसला लागूनच त्यांची राहायची खोली. एकशे वीस घरं, आणि एकाही फाईलचा कोपरा दुमडलेला नाही. भिंतीवर चौकट लावली होती: 'कलम एकोणीस. प्रत्येक तक्रार चोवीस तासांत निकाली.' खाली कपाटात तक्रार नोंदवह्या, वर्षवार, पाठीवर आकडे घातलेल्या.

"दहा वर्षांत एकही तक्रार चोवीस तासांवर गेली नाही," ते म्हणाले. "बघा हवं तर."

"बघते. आधी हे सांगा, या मुलाचा अर्ज जुन्या नमुन्याचा का?"

कलमकाकांनी चष्मा वर केला.

प्रत्येक प्रौढ भाडेकरूनं दर वर्षी समक्ष येऊन अर्ज भरायचा आणि सही करायची, असा नियम. चार वर्षांपूर्वी अर्जाचा नमुना बदलला. खालच्या कोपऱ्यातला क्रमांक बदलला, 'संकटकाळी कुणाला कळवायचं' असा नवा रकाना आला. तेव्हापासून इमारतीतल्या सगळ्यांचे अर्ज नव्या नमुन्याचे होते. चारशे तीनच्या आईचाही नव्या नमुन्याचा. फक्त मुलाचे सहाही अर्ज जुन्या नमुन्याचे.

"शिल्लक होते, वापरले. कागद वाया घालवू नये," कलमकाका म्हणाले. "जुना नमुना बाद केलेला नाही, परिपत्रक आहे माझ्याकडे."

"तो मुलगा भेटेल?"

"अवघड आहे हो. पावाच्या भट्टीवर रात्रपाळी त्याची. दिवसा मेल्यासारखा झोपतो. म्हणून तर कुणाला दिसत नाही."

"सही करायला येतो तेव्हा तुम्ही असता?"

"म्हणजे काय! माझ्यासमोरच सही होते."

"मग आत्ता झोपला असेल. उठवते," भिंगबाई म्हणाल्या आणि निघाल्या.

लिफ्ट नव्हती. म्हणजे, होती कधीतरी. तळमजल्यावर लिफ्टचं दार असायला हवं तिथे विटांची भिंत होती, तिला रंग दिलेला. पहिल्या मजल्यावरही तेच. दुसऱ्यावर, तिसऱ्यावर, चौथ्यावर. जिन्यातला प्रत्येक दिवा लागत होता, कठडा नुकताच रंगवलेला होता, एकही फरशी हलत नव्हती. आणि सहा मजली इमारतीत, जिथे निम्मी माणसं पन्नाशीपुढची, तिथे लिफ्टला विटा लावून टाकल्या होत्या.

चौथ्या मजल्यावर भिंगबाई दम खायला थांबल्या. भिंतीला टेकल्या, तेव्हा मागून बारीक घुमल्यासारखा आवाज आला. वाऱ्याचाच असणार. तरी त्या पटकन बाजूला झाल्या आणि मग स्वतःवरच चिडल्या.

दार उघडायला वेळ लागला. सत्तरीची, वाळकी, स्वच्छ बाई. इमारतीत सगळे तिला मावशी म्हणायचे.

"माणसं मोजायला आलात?" तिनं विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"तुमच्या हातातली फाईल बघून कळतं. या. मोजा."

बाहेरच्या खोलीत मावशी राहत होती. आतली मुलाची. खाटेवर धुतलेली चादर ताठ घातलेली. खुंटीवर इस्त्रीचा शर्ट. खाटेखाली बूट, पॉलिश केलेले. टेबलावर पाण्याचं भांडं झाकून ठेवलेलं. भिंगबाईंनी झाकण उचललं. पाणी ताजं होतं.

खाटेवर मात्र कुणीही झोपलेलं नव्हतं. गादीचा मधला भाग जराही दबलेला नव्हता. बुटांचे तळवे पुसून चकचकीत केले होते, पण एका बुटाच्या आतलं कोळिष्टक मावशीच्या नजरेतून सुटलं होतं.

"मावशी, मुलगा कुठे आहे?"

"कामावर."

"सकाळी साडेअकराला? रात्रपाळी आहे ना त्याची?"

मावशीनं पाण्याच्या भांड्यावर झाकण परत ठेवलं.

"तो इथे राहत नाही. हो ना?"

"त्याचं घर आहे हे. त्याची सही आहे तुमच्या कागदावर. खोटी आहे का सही?"

"नाही, सही खरी वाटतेय."

"मग झालं तर."

"मावशी, ऐका. खोटी माहिती दिली असं मला लिहावं लागलं, तर तीस दिवसांत घर सोडावं लागेल. पुन्हा कुठेही मिळणार नाही. मला तसं लिहायचं नाहीये. पण तुम्ही काही सांगितलंच नाहीत तर माझे हात बांधलेले आहेत."

मावशी खाली बसली, खाटेवर नव्हे, जमिनीवर.

"मी घर सोडणार नाही," ती म्हणाली. "तो आला आणि दाराला दुसऱ्याच कुणाचं कुलूप दिसलं तर? तुम्ही मला फरफटत न्या, पण मी स्वतःहून जाणार नाही."

मग हळूहळू बोलली. सहा वर्षांपूर्वी, वीस तारखेच्या संध्याकाळी, कामावर जायच्या आधी मायलेकांचं कडाक्याचं भांडण झालं. त्याला एका मुलीशी लग्न करायचं होतं. मावशीच्या मनात ती बसेना. बोलता बोलता तिच्या तोंडून निघून गेलं, पुन्हा तोंड दाखवू नकोस.

"आणि बाब्यानं ते खरं केलं," ती म्हणाली. "आजतागायत तोंड दाखवलं नाही."

"पोलिसांत गेला नाहीत?"

"जाणार होते. महिना झाला होता. तेवढ्यात नूतनीकरणाचा दिवस आला. कलमकाका म्हणाले, मावशी, तो येऊन सही करून गेला. तुमचं घर जाऊ नये एवढी काळजी आहे त्याला, पण वर यायचं नाही म्हणाला. पत्ता सांगायचा नाही म्हणाला. मला कागद दाखवला. माझ्या लेकराची सही मी ओळखणार नाही का?"

"आणि मग दर वर्षी?"

"दर वर्षी. सहीच्या दिवशी मी कान देऊन बसते." तिनं आवाज उतरवला. "पावलं येतात बाई. जिन्यानं वर येतात. माझ्या दाराशी थांबतात. चांगली पाच-दहा मिनिटं. मग जातात खाली. मी दार उघडत नाही. उघडलं तर पळून जाईल, पुढच्या वर्षी तेवढंही येणार नाही. मी दाराला आतून हात लावून उभी राहते."

खिडकीतून ऊन येत होतं, खाली पोरं खेळत होती, आणि त्या खोलीत हुडहुडी भरावी असं वाटत होतं.

जिना उतरताना त्यांनी मनाशी हिशेब मांडला. मावशीला कलमकाका सांगतात, मुलगा इथे राहत नाही. कार्यालयाला सांगतात, दिवसा इथेच झोपतो. एकाच माणसाबद्दल एकच माणूस दोन गोष्टी सांगतोय.

तळमजल्यावर, लिफ्टच्या भिंतीला लागून असलेल्या दोन नंबरच्या घरातून शिलाई मशिनचा आवाज येत होता. भिंगबाईंनी दार वाजवलं. चाळिशीची शिलाईवाली, तोंडात टाचण्या धरलेली.

"ताई, चारशे तीनच्या मुलाला ओळखता?"

तिनं एकेक टाचणी काढून उशीत खोचली. "ओळखायचे. पहाटे कामावरून यायचा तेव्हा हातात गरम पाव असायचा. माझ्या दाराला एक अडकवून जायचा."

"शेवटचा कधी पाहिलात?"

"आठवत नाही."

भिंगबाईंनी खोली पाहिली. खिडकी उजव्या हाताला होती, उजेड तिकडून येत होता. मशिन मात्र डाव्या कोपऱ्यात, अंधारात. लिफ्टच्या बाजूची अख्खी भिंत मोकळी. तिथे खाट नाही, कपाट नाही, साधी खुंटीसुद्धा नाही.

"शिवणकाम करता आणि अंधारात बसता?"

"सवय झाली."

"त्या भिंतीला काय झालंय?"

"काही नाही," शिलाईवाली म्हणाली, पण भिंतीकडे बघायचं तिनं टाळलं. "मॅडम, माणसं मोजलीत का तुम्ही?"

'मोजा' हा शब्द भिंगबाईंनी सकाळीच कुठेतरी वाचला होता.

ऑफिसात परत आल्या तेव्हा कलमकाका जेवायला गेले होते. भिंगबाईंनी खिडकीचा पडदा अर्धा ओढला आणि मुलाचे सहा अर्ज ओळीनं मांडले. वरची माहिती कलमकाकांच्या अक्षरात. खाली फक्त सही. प्रत्येक सही त्याच हाताची, खरी. पहिला कागद उचलून त्यांनी तिरप्या उजेडात धरला. काही नाही. दुसरा धरला आणि भिंग जवळ नेलं.

सहीच्या जरा खाली अजून एक सही होती. शाई नसलेली. नुसता दाब.

तिसऱ्या कागदावरही तशीच. चौथ्यावर. पाचव्यावर. सहाव्यावर. भिंगाखाली त्यांनी एकेक रेघ जुळवली. तिसऱ्या वर्षीच्या सहीची शेपूट जिथे लांबली होती, अगदी तिथेच चौथ्या वर्षीच्या कागदावर खळगा होता.

त्यांनी पावाच्या भट्टीवर फोन लावला. तिथल्या मुकादमाला आठवायला वेळ लागला नाही.

"तो? सहा वर्षं झाली मॅडम. एकवीस तारखेला पहाटे साडेपाचला पाळी संपवून गेला, परत आलाच नाही. त्याचा त्या आठवड्याचा पगारसुद्धा पडून राहिला. दुसरीकडे लागला असेल म्हटलं."

"जाताना काही बोलला होता?"

"घाईत होता. म्हणाला, आई उठायच्या आत घरी पोहोचायचंय, तिची समजूत काढायचीय."

भिंगबाईंनी फोन ठेवला. कपाटातून सहा वर्षांपूर्वीची तक्रार नोंदवही काढली. तो महिना उघडला. बोटानं ओळी मोजत खाली आल्या. मग त्यांनी भिंग बाजूला ठेवलं, कारण आता त्याची गरज नव्हती.

त्यांनी पुन्हा फोन उचलला. या वेळी पोलिस ठाण्याला.

दुपारी चार वाजता ऑफिसात चौघं होती. खुर्चीत कलमकाका. दाराशी एक पोलिस इन्स्पेक्टर, जाड मिशांचा, कागदपत्रांचा कंटाळा चेहऱ्यावर स्पष्ट. कोपऱ्यात शिलाईवाली. आणि टेबलाच्या अलीकडे भिंगबाई.

"कलमकाका, या सह्या तुमच्यासमोर झाल्या?"

"सकाळीच सांगितलं. कलम सात."

"दर वर्षी एक?"

"हो."

"मग दर वर्षीच्या कागदावर आदल्या वर्षीच्या सहीचा दाब कसा? हा बघा. आणि हा. कागदांची चळत एकावर एक ठेवून एका बैठकीत सह्या घेतल्या, की वरची सही खालच्यावर उमटते. या सहाही सह्या एकाच दिवशी झाल्यात."

कलमकाका सावरून बसले. "बरं, असेल. रात्रपाळीच्या माणसाला दहा ते पाचमध्ये यायला जमत नाही. मी कोऱ्या अर्जांवर आगाऊ सह्या घेऊन ठेवतो. माणुसकी म्हणून. सगळीकडे करतात. चूक मान्य."

"चूक लहानशीच आहे. पण मग मावशींना का सांगितलंत, की तो दर वर्षी येऊन जातो म्हणून?"

कलमकाका खिशातली पेनं सारखी करू लागले.

"मी सांगते. घरातला माणूस सहीला आला नाही, तर कलम नऊ लागतं. गैरहजर माणसाची पोलिसांत खबर द्यावी लागते, ती फाईलला जोडावी लागते. मग पोलिस विचारणार, शेवटचा कुठे दिसला. भट्टीवर जाणार. तिथून पायी इथवर येणार. तेच तुम्हाला नको होतं. फाईल पूर्ण असली की माणसाला कुणी शोधत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार!"

"मॅडम, तुम्ही काय म्हणताय?" इन्स्पेक्टर जागच्या जागी सावध झाले.

"लिफ्ट कधी बंद केलीत, काका?"

"सहा वर्षं झाली. एकवीस तारखेला. सुटा भाग मिळेना."

"जिन्यातला दिवा तुम्ही तासाभरात बदलता. आणि लिफ्टचा भाग सहा वर्षं मिळत नाही? बरं, भाग मिळत नसेल तर माणूस पाटी लावतो. विटा लावत नाही."

भिंगबाईंनी नोंदवही उघडली.

"ही तुमचीच वही, तुमचंच अक्षर. त्या महिन्याची दोन तारीख. तक्रारदार चारशे तीन, मुलगा. 'तळमजल्यावर लिफ्ट नसतानाही लिफ्टचं दार उघडतं.' दुसऱ्या दिवसाचा शेरा: 'दुरुस्त. निकाली.' मी लिफ्टच्या मिस्त्रीला विचारलं. त्या महिन्यात तो इथे फिरकलाच नव्हता."

"तो पुढच्या आठवड्यात येणार होता," कलमकाका पुटपुटले. "चोवीस तास संपत आले होते."

"म्हणून तुम्ही निकाली लिहिलंत. आता एकवीस तारीख. सकाळी सात वाजून दहा मिनिटं. तक्रारदार तळमजला दोन. 'लिफ्टच्या भिंतीतून आवाज येतो.' शेरा: 'पाण्याची नळी. निकाली.' आठ वाजून पाच मिनिटं. पुन्हा दोन नंबर. 'आवाज अजून येतो.' शेरा: 'नळी तपासली. निकाली.' नऊ वाजता सहाव्या मजल्यावरून, 'गच्चीतली टाकी वाहून जिन्यात पाणी आलं, पंप बंद करा.' तुमच्यासारख्या माणसानं पंप दोन तास चालू कसा ठेवला?"

इन्स्पेक्टरांनी खुर्ची ओढली आणि बसले. चेहऱ्यावरचा कंटाळा गेला होता.

"पंप तळघरात आहे," भिंगबाई म्हणाल्या. "लिफ्टच्या खड्ड्याला लागून. पंपाच्या घरघरीत, भिंतीला लागून राहणारं माणूस सोडलं तर, कुणाला काही ऐकू येत नाही. आणि ही शेवटची नोंद. नऊ वाजून वीस मिनिटं. ही तक्रार कुणी केलेली नाही. तुम्ही स्वतःहून लिहिलीय. 'आवाज थांबला. तक्रार निकाली.'"

इन्स्पेक्टरांनी वही स्वतःकडे ओढून ती ओळ वाचली.

"पान फाडता आलं असतं," इन्स्पेक्टर न राहवून म्हणाले.

"पानांवर शिक्के आहेत," कलमकाका म्हणाले. स्वर अगदी नेहमीचा, समजावून सांगितल्यासारखा. "पान कमी भरलं तर ते कलम एकवीस. आणि तक्रारदाराला क्रमांकाची पावती जाते."

शिलाईवालीनं पदराच्या टोकाची गाठ सोडली. दोन चिठोऱ्या, घडीवर विरलेल्या.

"मी दोनदा आले होते," ती म्हणाली. "हे म्हणाले, नळी आहे. पहिल्यांदा म्हणाले, तोंडावर पाणी मारा. दुसऱ्यांदा म्हणाले, असं बोलत सुटलात तर लोक वेडी म्हणतील आणि वेड्या बाईला घर देत नाहीत. एकटी बाई मी. गप्प बसले. पुढे मलाच वाटायला लागलं की भूत होतं ते. अजूनही वाटतं. भिंतीकडे पाठ केली की तो आवाज येतो."

"चिठ्ठी तुम्हीच पाठवलीत ना?"

"हो. भिंतीतून आवाज येतो म्हणून लिहिलं असतं तर कोण आलं असतं? माणसं चुकीची मोजली म्हटल्यावर आठ दिवसांत आलात तुम्ही." ती रडायला लागली. "मावशींचं घर जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नाही हो."

भिंगबाई कलमकाकांकडे वळल्या.

"सात वाजून दहा मिनिटांनी तुम्ही खड्ड्यात टॉर्च मारलीत. तो जिवंत होता."

"पाय मोडला होता. डोक्याला लागलं होतं," कलमकाका म्हणाले. आता दोन्ही हात मांडीवर, जणू साहेबांपुढे बसलेत. "वर बघत होता. मी म्हटलं, थांब, माणसं आणतो. खरंच आणणार होतो. दारापर्यंत गेलो. मग मनात आलं, पहिला प्रश्न विचारतील, दार दुरुस्त होतं ना? आणि वहीत मी लिहिलेलं. नोकरी गेली असती, नोकरीबरोबर खोली गेली असती. तुरुंग झाला असता. म्हटलं, पाच मिनिटं विचार करू. पंप लावला. विचारच करत राहिलो मॅडम. देवाशपथ, मारायचं नव्हतं मला त्याला."

"दोन तास दहा मिनिटं विचार केलात."

"नंतर तळघरात मोडतोडीची माती होती, ती मीच टाकली. वरून गवंड्यानं सिमेंट ओतलं. त्याला काही माहीत नाही, त्याला त्रास देऊ नका."

"आणि दर वर्षी मावशीच्या दाराशी कोण थांबायचं?"

कलमकाकांनी पहिल्यांदाच मान खाली घातली. "सांगायला जायचो. दर वर्षी, सहीचा कागद भरला की जायचो. आतून तिच्या बांगड्या वाजलेल्या ऐकू यायच्या. दाराला हात लावून उभी असायची ती, आणि मी बाहेर. कडी वाजवायला हात उचलतच नसे."

इन्स्पेक्टरांनी त्यांना उठवलं. जाताना कलमकाकांनी सवयीनं टेबलावरची वही बंद केली आणि सरळ करून ठेवली.

खड्डा फोडायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी दुपारी भिंगबाई पुन्हा चार मजले चढल्या. बरोबर शिलाईवाली होती. तिनं स्वतःच येते म्हटलं.

मावशीला पोलिसांनी सांगितलं होतं. ती आतल्या खोलीत, पहिल्यांदाच खाटेवर बसली होती. चादर चुरगळली होती.

"घराचं काय ते लिहा आता," ती म्हणाली. "दोन खोल्यांत मला काय करायचंय? कुणा लेकुरवाळ्यांना द्या."

"घाई नाही मावशी. खोटी माहिती तुम्ही दिली नव्हती, असं मी लिहिलंय. तळमजल्यावर एक खोली रिकामी होतेय. हवी तेव्हा घ्या, नको असेल तर इथेच राहा."

मावशीनं मान हलवली. ऐकलं की नाही, कोण जाणे.

"सहा वर्षं मी त्याच्यावर रुसले होते," ती म्हणाली. "मनात म्हणायचे, आईला एवढी शिक्षा? कसलं काळीज आहे मेल्याचं. आणि तो इथेच होता."

"तो घरी येत होता, मावशी. भट्टीवर सांगून निघाला होता. आईची समजूत काढायची म्हणाला होता."

मावशीचा हात चादरीवरून फिरत राहिला. मग तिनं वर पाहिलं.

"त्या भिंतीतून आवाज आला म्हणतात. काय बोलत होता तो?"

शिलाईवालीनं भिंगबाईंचा दंड घट्ट धरला. कागदावर नाही ते कधी बोलायचं नाही, हे भिंगबाईंनी बावीस वर्षं पाळलं होतं.

"'आई' म्हणाला," त्यांनी सांगितलं.

मावशीच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं.

"रागानं नाही ना?"

"नाही. रागानं मुळीच नाही."

"किती वेळा म्हणाला?"

शिलाईवालीनं दंड सोडला, तोंडात पदर कोंबला आणि ती भिंतीकडे वळली.

"एकदाच, मावशी," भिंगबाई म्हणाल्या. "एकदाच म्हणाला, आणि लगेच गेला."